तालुक्यापुरता इंच

अर्धा इंची पाइप कुठूनही मोजला तरी अर्धा इंच भरत नाही, आणि या एका गोष्टीच्या आधारावर आजवर देशातलं सगळं नळकाम व्यवस्थित चाललेलं आहे. आतून मोजावा तर तो अर्ध्या इंचाहून जास्त भरतो, बाहेरून मोजावा तर पाऊण इंचाच्याही पुढे जातो, आणि मधोमध मोजायचं म्हटलं तर मधोमध फक्त पाणी असतं (तेही असलं तर). तरीही दुकानात जाऊन "अर्धा इंची द्या" म्हटलं की अर्धा इंचीच मिळतो, घरी नेऊन लावला की बसतो, आणि तो बसला की माणूस मोजायचं विसरून जेवायला बसतो. मनुष्यजातीने केलेल्या करारांमध्ये याच्याइतका टिकाऊ करार दुसरा झालेला नाही, कारण तो कुणीच वाचलेला नाही.

पान्यांची रीत याहून उदात्त आहे. आठच्या बोल्टाला तेराचा पाना लागतो, दहाच्या बोल्टाला सतराचा. म्हणजे बोल्ट दोनाने वाढला की पाना चाराने वाढतो. साहेब आणि साहेबाची गाडी यांचंही प्रमाण साधारण हेच पडतं. जुन्या विलायती पान्यावर अर्धा इंच असं कोरलेलं असतं आणि त्याचं तोंड जवळजवळ एक इंच उघडं असतं. हा पाना स्वतःचं माप सांगतच नाही, ज्या बोल्टाला तो लागतो त्या बोल्टाचं सांगतो. इतका निरहंकारी स्वभाव आता अवजारांतच उरला आहे. ड्रिलच्या बारीक बिटांना नंबर असतात. त्यात एक नंबरचं बिट सगळ्यांत जाड आणि ऐंशी नंबरचं केसासारखं. तांब्याची नळी बाहेरून मोजतात, लोखंडी पाइप कुठूनच मोजत नाहीत, आणि दोघांनाही अर्धा इंचच म्हणतात. या सगळ्यावर मिस्त्री लोकांचं सूत आहे. आठ सुतांचा एक इंच, चार सुतांचा अर्धा. आणि अर्ध्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

अशा या सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत चामोर्शीच्या कमरुद्दीन शेखने एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली खरं बोलायचं ठरवलं.

कमरुद्दीनचं दुकान बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पाइप, एल्बो, सॉकेट, तोट्या, पाने, इंजिनाचे वायसर, असा सगळा माल. बाप स्टोव्ह दुरुस्त करायचा. मुलाने दुकान थाटलं. माणूस सरळ, नमाजी, खिळे तोलताना पारडं गिऱ्हाइकाकडे झुकवणारा. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक धानाच्या बांधीतून उठून आलेलं असे आणि त्याची मापंही तिथलीच असत. कुणी "माह्या अंगठ्याएवढा" म्हणून सॉकेट मागे (अंगठा सोबत आणलेला असे, ही मोठी सोय). कुणी "बोरिंगच्या मानेत बसते तो" म्हणे. एकदा कुणी "मागच्या पोळ्याले नेला होता त्याचाच भाऊ" असंही मागितलं होतं, आणि कमरुद्दीनने तो दिला होता, आणि तो बसला होता. दुपारी कमरुद्दीन जेवायला घरात गेला की त्याची बायको सुलताना गादीवर बसे. तिला मापातलं काही कळत नसे. ती गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून डब्यात हात घाले. परत येणाऱ्या मालाचं प्रमाण दोघांचं सारखंच होतं, म्हणजे नगण्य.

घात केला तो शहबाजने. शहबाज हा सुलतानाचा धाकटा भाऊ, चंद्रपूरकडे एका वर्कशॉपमध्ये कामाला. ईदला आला तेव्हा त्याने भाऊजींसाठी लाकडी पेटीत, हिरव्या मखमलीवर निजवलेलं व्हर्नियर आणलं. व्हर्नियर म्हणजे वस्तूला चिमटीत धरून तिचं अगदी बारीक माप सांगणारं पोलादी अवजार. मिलिमीटरचासुद्धा बारीक तुकडा ते वाचतं. कमरुद्दीनने ते हातात घेतलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपण दुकानदार नाही, काहीतरी जास्त आहोत.

त्याने सगळ्यांत आधी अर्धा इंची पाइप मोजला. मग चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजला. मग दुसरा मोजला. मग घाम पुसला.

"सुलताना," त्याने आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अर्धा इंची म्हनून मी आजवर लोकाईले काय विकून राह्यलो?"

"अर्धा इंची," सुलताना आतून म्हणाली.

"पन हा अर्धा इंच नाई ना! आतून सोळा मिलिमीटर हाय. अर्धा इंच म्हनजे पावनेतेराच्या आत पायजे."

"कोन म्हनते?"

"हे म्हनते." त्याने व्हर्नियर वर धरलं.

"मंग त्यालेच बसवा गादीवर," ती म्हणाली आणि कढईत मोहरी टाकली.

त्यानंतरच्या काळात कमरुद्दीनने दुकानातली प्रत्येक वस्तू मोजली. एक इंची पाइप आतून सत्तावीस मिलिमीटर निघाला. एक इंच तर साडेपंचवीसच्याही आत असतो. तेराच्या पान्याचं तोंड तेराहून किंचित मोठं निघालं. (ते तसंच ठेवावं लागतं, नाहीतर पाना बोल्टावर चढणारच नाही. पण सत्याच्या वाटेला लागलेल्या माणसाला कंस वाचायला वेळ नसतो.) सुलतानाच्या बांगड्या दोन-सहा नंबरच्या, त्याही त्याने मोजल्या आणि त्या दोन पूर्णांक सहा दशांश इंच भरत नाहीत असं जाहीर केलं. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश, हा कासाराचा हिशेब आहे आणि बांगड्या त्या हिशेबाने तंतोतंत होत्या. अख्ख्या घरात तीच एक खरी वस्तू होती. सुलतानाने बांगड्या परत हातात चढवल्या आणि त्या दिवसापासून ती दुपारी गादीवर बसेनाशी झाली.

कमरुद्दीनला मात्र झोप लागेना. अल्लाच्या दरबारात काट्याचा हिशेब होणार, तिथे पाइपाचाही होणारच. त्याने पेंटर बोलावला आणि दुकानावर पाटी लावली: 'इथे फक्त खरी साईज मिळेल. खोट्या साईजची मागणी करू नये.' डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. अर्धा इंचीच्या डब्यावर आता 'आतून सोळा, बाहेरून एकवीस पूर्णांक तीन' असं लिहिलेलं होतं. दुकान एकदम प्रयोगशाळेसारखं दिसू लागलं, आणि प्रयोगशाळेत असतं तेवढंच गिऱ्हाईक तिथे येऊ लागलं.

पाटी वाळते न वाळते तोच मोहटोल्याचा मुखरू सायकल टाकत आला. मुखरू हे जुनं गिऱ्हाईक. जुनं म्हणजे दोघं एकाच शाळेत एकाच मास्तरच्या छडीखाली शिकलेले. धान रोवण्याचे ऐन दिवस, पावसाने दडी मारलेली, आणि बोडीवरच्या, म्हणजे शेततळ्यावरच्या, त्याच्या डिझेल इंजिनाचा एल्बो फुटलेला. इंजिनाला थंड ठेवायला पाण्याची एक बारीक लाइन असते. तिच्या वळणावरचा हा तुकडा. तो नसला की इंजिन तापून बंद पडतं.

"कमरूभाऊ, अर्धा इंची एल्बो द्या लवकर. बाया बांधीत उभ्या हायेत, धानाच्या रोपाचे पऱ्हे सुकून राह्यले."

"अर्धा इंच कुठून?" कमरुद्दीनने विचारलं.

"दुकानातून."

"तसं नाई. आतून का बाहेरून?"

मुखरूने दुकानाच्या आत पाहिलं, बाहेर पाहिलं. "जिथं असन तिथून द्या ना, भाऊ."

"मुखरू, तुले आजवर कोनी खरं सांगतलं नाई. तू ज्याले अर्धा इंची म्हनते तो अर्धा इंच नाईच. मी पन तुले तसंच देत आलो. आता तसं होनार नाई."

"होऊ द्या ना, भाऊ. इतकी वर्षं झालं, आजच काऊन नाई?"

कमरुद्दीनने पाटीकडे बोट दाखवलं. त्याने व्हर्नियर काढलं, डबे धुंडाळले आणि अखेर तांब्याच्या नळीचा एक सुरेख एल्बो काढला. तो बाहेरून बरोबर अर्धा इंच होता. तेवढी सचोटीची वस्तू त्या बाजारात दुसरी नव्हती. मुखरूने ती खिशात टाकली आणि सायकल हाणली.

तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता. "पाइपात खडखड वाजून राह्यला, भाऊ. इकडून टाकला का तिकडून निंगते."

कमरुद्दीनने एल्बो पुन्हा मोजला आणि समाधानाने मान हलवली. "एल्बो बरोबर हाय. तुहा पाइप खोटा हाय."

"मंग पाइपाले तुमीच येऊन सांगा," मुखरू म्हणाला. "माह्यं तर तो आयकत नाई."

समोर पत्रूसेठचं दुकान होतं. तिथून मुखरूने कमरुद्दीनच्या देखत अर्धा इंची एल्बो मागितला. पत्रूसेठने वर्तमानपत्रातून डोकं न काढता मागच्या डब्यात हात घातला आणि एक तुकडा पुढे सरकवला. तो बसला. इंजिन सुरू झालं, बांधी रोवून झाली, आणि मुखरू त्यानंतर कमरुद्दीनच्या दुकानावरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जाऊ लागला.

हे कमरुद्दीनला लागलं. माल खपला नाही त्याचं एवढं नाही. खोटं बसलं आणि खरं खडखडलं, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. अशा वेळी माणसाने दोन दिवस सासुरवाडीला जाऊन यावं. पण त्याच वेळी त्याच्या दुकानासमोर शासनाची जीप थांबली.

जीपमधून उतरले ते निकेश बोरुले. तरुण अभियंता, नुकतेच रुजू झालेले, तालुक्याच्या माप-समन्वय कक्षाचे प्रमुख. (या कक्षाचं काम काय, हे ठरवण्याचं काम त्या कक्षाकडेच होतं.) वरून आदेश आला होता की प्रत्येक कक्षाने एक नावीन्यपूर्ण उपक्रम राबवून त्याचे फोटो पाठवावेत. बोरुलेसाहेबांनी पाटी वाचली, व्हर्नियर पाहिलं, अर्धा इंची पाइप स्वतः मोजला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो पाहून कमरुद्दीनचे डोळे भरून आले. जगात आपलं म्हणणं ऐकणारं कुणीतरी आहे, आणि तेही राजपत्रित!

'खरी साईज अभियान' असं नाव ठरलं. कमरुद्दीनला मानद मापसत्य सल्लागार नेमण्यात आलं आणि छातीवर लावायला बिल्ला देण्यात आला. सभागृहात बैठक झाली. उपस्थितांपैकी चौसष्ट टक्के चहासाठी आले होते, एकतीस टक्के चुकून, आणि उरलेले पाच टक्के म्हणजे कमरुद्दीन. चर्चा फार वरच्या दर्जाची झाली. पहिला पर्याय असा निघाला की कारखानदारांना खरा अर्धा इंची पाइप बनवायला सांगावं; पण कारखाने तालुक्याच्या हद्दीबाहेर होते. दुसरा पर्याय, पाइपाला त्याच्या खऱ्या मापाने हाक मारावी. पण ते कमरुद्दीनने करून पाहिलं होतं आणि त्याचं दुकान सर्वांना दिसत होतं. मग बोरुलेसाहेब उभे राहिले.

"पाइप बदलता येत नाही," ते म्हणाले. "नाव बदलता येत नाही. मग उरतं काय?"

"चहा," मागून कुणीतरी म्हणालं.

"इंच," बोरुलेसाहेब म्हणाले.

आणि इंच बदलण्यात आला. तर्क निर्दोष होता. अर्धा इंची पाइप आतून सोळा मिलिमीटर भरतो. तेव्हा सोळाला अर्धा इंच म्हणावं, म्हणजे पूर्ण इंच बत्तीस मिलिमीटरचा होतो, आणि पाइप आपोआप खरा ठरतो. कुणालाही काहीही करावं लागत नाही. हा 'तालुका इंच' टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. कमरुद्दीनच्या अंगावर काटा आला. त्याचा पाइप निर्दोष सुटला होता.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. एक इंची पाइप आतून सत्तावीसच भरत होता, म्हणजे नव्या इंचाने तो एक इंचही राहिला नाही. त्यावर उपाय म्हणून एक इंची पाइपासाठी सत्तावीस मिलिमीटरचा वेगळा इंच मंजूर करण्यात आला. दीड इंचीने तक्रार केली तेव्हा त्यालाही त्याचा इंच देण्यात आला. अशा रीतीने ज्याचा त्याला इंच मिळाला आणि तालुक्यात एकही पाइप खोटा राहिला नाही. कक्षाचा शिपाई लटारू हा सकाळी साडेपाच फूट उंच होता. त्याला अर्धा इंची पाइपाच्या इंचाने मोजण्यात आलं आणि तो दुपारपर्यंत चार फूट साडेचार इंच झाला. त्याने तक्रार केली नाही. तो फक्त फायली खालच्या फळीवर ठेवू लागला.

हे सगळं इथेच थांबलं असतं तर या लोकांनी कुणाचं काही बिघडवलं नसतं. पण त्याच सुमारास मोहटोल्याची नळयोजना मंजूर झाली.

मोहटोल्याच्या सरपंच सुगंधाबाई. बाईंसाठी जागा राखीव झाली तेव्हा गावाने त्यांना सहीपुरतं निवडून दिलं होतं, आणि त्यांनी सही सोडून सगळं केलं. नळासाठी त्यांनी इतक्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या की साहेब लोक त्यांचा आवाज ऐकून मागच्या दाराने जेवायला जात. उन्हाळ्यात गावातल्या बाया बोडीत झिरे खणून वाटीवाटीने गुंड, म्हणजे पितळी घागरी, भरत. सुगंधाबाईंच्या सुनेची पाठ त्यातच गेली होती. टाकी बांधून झाली, चारी खणून झाली, आता फक्त पाइप जोडायचे होते, आणि जोडणीचा माल अभियानाखाली, खऱ्या साईजने मागवण्यात आला. मागणीपत्रावर सल्लागार म्हणून कमरुद्दीनची सही होती, मराठीत आणि उर्दूत.

मागणीपत्र तीन पुरवठादारांकडे गेलं. पाइप ज्याने पुरवले त्याने तालुका इंच वाचला आणि त्या मापाने दिले. सॉकेट आणि एल्बो ज्याने पुरवले त्याने फूटपट्टीवरचा तंतोतंत इंच धरला. व्हॉल्व ज्याने पाठवले त्याने मागणीपत्र वाचलंच नाही, म्हणून ते तेवढे बाजारातल्या नेहमीच्या मालाला बसतील असे आले. तिन्ही मालांना एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

उद्घाटनाला मांडव पडला. नळाला झेंडूची माळ घातली. गावातल्या बाया घासलेले गुंड घेऊन आल्या आणि गुंडांची रांग नळापासून थेट मारुतीच्या पारापर्यंत गेली. पाहुणे यायचे होते. टाकीखाली मोठा पाइप एकीकडून आला होता, नळाकडे जाणारा व्हॉल्व दुसरीकडे उभा होता, आणि मध्ये वीतभर अंतर होतं. त्यात जे काही घालावं ते एका बाजूला घट्ट होई आणि दुसऱ्या बाजूला गळून पडे. कमरुद्दीन छातीवर बिल्ला लावून गुडघ्यांवर बसला होता आणि मोजत होता.

"काय म्हनते?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"बाई, पाइप त्याच्या इंचाने बरोबर हाय," कमरुद्दीन म्हणाला. "सॉकेट त्याच्या इंचाने बरोबर हाय. व्हॉल्व पन बरोबर हाय."

"सगळं बरोबर हाय?"

"सगळं बरोबर हाय, बाई."

"मंग पानी काऊन नाई येत?"

कमरुद्दीनने बोरुलेसाहेबांकडे पाहिलं. बोरुलेसाहेब झेंडूच्या माळेचा फोटो काढत होते.

"भाऊ," सुगंधाबाई खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, "ह्या बायाईले मी बोलावून आनलं. आज पानी येनार म्हनून त्या बोडीवर गेल्या नाईत. घरी लेकरं तहानली हायेत. मले तुमचा इंच नका दाखवू. मले गुंड भरून दाखवा."

कमरुद्दीनने रांगेकडे पाहिलं. इतके रिकामे गुंड त्याने आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या मापाचं, प्रत्येकाला वेगवेगळे पोचे, आणि सगळ्यांत पाणी मावणारं. बिल्ला त्याला एकदम जड वाटला. त्याने तो काढून झब्ब्याच्या खिशात घातला, व्हर्नियर मातीत ठेवलं आणि गर्दीत मुखरूला शोधलं. मुखरू मांडवाच्या खांबाला टेकून, तोंड दुसरीकडे करून उभा होता.

"मुखरू."

मुखरू खांबावरची सुतळी नखाने सोलत राहिला.

"मुखरू, एक चांगला पोकळ बांबू पायजे. वीतभर."

मुखरूने मान वळवली. "आतून का बाहेरून?"

रांगेतल्या बाया हसल्या. कमरुद्दीन कानापर्यंत लाल झाला. "जिथून असन तिथून आन, बाप्पा," तो म्हणाला.

मुखरूने मांडवाचाच एक बांबू कापला. (मांडव एका बाजूने खाली आला, पाहुण्यांच्या खुर्च्या त्याच बाजूला होत्या.) कमरुद्दीनने कोयत्याने तो तासला, तोंडाला लावून पाहिला, अंगठा घालून पाहिला, पुन्हा तासला. एक टोक पाइपावर ठोकलं, दुसरं व्हॉल्वमध्ये दाबलं. मुखरूने आपल्या सायकलची मागची ट्यूब काढून दिली. तिच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या, वरून सुतळी, वरून सफेदा, वरून मुखरूचा दुपट्टा. लटारूला टाकीवर चढवलं. तो चढताना सगळ्यांना साडेपाच फुटांचाच दिसला.

"सोड!" मुखरू ओरडला.

बांबूने आधी एक उचकी दिली. कमरुद्दीनने दोन्ही हातांनी जोड घट्ट धरला. फटीतून एक धार त्याच्या तोंडावर उडाली, मग दाढीवर, मग ती बंद झाली, आणि नळातून गढूळ, मग लालसर, मग स्वच्छ पाणी पहिल्या गुंडात पडलं. सुगंधाबाईंच्या सुनेचा तो गुंड होता. सुगंधाबाईंनी फीत कापायची कात्री तशीच हातात धरून ओंजळ पुढे केली आणि आधी त्याच प्यायल्या. पाहुणे आले तेव्हा गुंडांची रांग निम्मी झाली होती आणि फितीचा उपयोग कुणीतरी गळता कोपरा बांधायला केला होता.

संध्याकाळी बोरुलेसाहेब काम पूर्ण झाल्याचा कागद भरायला बसले. सगळे रकाने भरले. एका रकान्याशी पेन थांबलं.

"बांबूची साईज काय लिहू?"

कमरुद्दीनने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने खांदे उडवले. "लागन तेवढी."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि 'साईज: लागेल तेवढी' असं लिहिलं. आजवर खात्यातून वर गेलेल्या कागदांमध्ये हा एकच कागद असा होता, की त्याच्यावर कुठलीही हरकत आली नाही. उलट वरून विचारणा झाली, की ही साईज इतर तालुक्यांतही लागू करता येईल काय. अभियान यशस्वी झाल्याचा अहवाल गेला. तालुक्यातल्या सत्यात एकतीस टक्के वाढ झाल्याचं त्यात नमूद होतं (कोणत्या इंचाने, ते दिलेलं नव्हतं). बोरुलेसाहेबांना बढती मिळून ते सिंदेवाहीकडे गेले, आणि तिथे त्यांनी किलो या विषयात लक्ष घातल्याचं कळतं.

कमरुद्दीनने दुकानावरची पाटी उतरवली. पहिलं गिऱ्हाईक आलं, अर्धा इंची सॉकेट मागितलं. कमरुद्दीनचा हात डब्यावर थांबला. मग आतून सुलताना म्हणाली, "देऊन टाका, बिचारा उन्हात उभा हाय," आणि त्याने दिलं. ते बसलं. दुपारी सुलताना येऊन गादीवर बसली. मुखरूला कमरुद्दीनने नवी ट्यूब दिली. ती त्याच्या चाकाला थोडी मोठी झाली, पण मुखरूने हवा जास्त भरून ती बसवली आणि बरोबर बसली असं सांगितलं.

तर असा हा चामोर्शी तालुक्यातला साधाभोळा प्रकार. मापाचं नाव एक, माप दुसरंच, आणि ते मुकाट्याने मानणारी माणसं. शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या, वाचनाची आवड असलेल्या सुजाण वाचकाला याचं हसू येणं स्वाभाविक आहे. हसून झालं असेल तर त्याने जरा आपल्या पायांकडे पाहावं. पायात आठ नंबरची चप्पल आहे. आठ काय? आठ इंच? ती मोजून पाहिली तर दहाच्या पुढे भरेल. आठ सूत? आठ बोटं? घरात कुणाला विचारून पाहावं. आयुष्यभर आपण दुकानात जाऊन, ताठ मानेने, 'आठ' म्हणत आलेला आहात. गेल्या खेपेला तर ती चावत होती; दुकानदार म्हणाला, वापरून सैल होईल. आपण मान डोलावली, घरापर्यंत लंगडत आलात, आणि दारात उभं राहून घरच्यांना सांगितलंत, की अगदी मापाची मिळाली.